हरितलवक : पानातला अन्नाचा कारखाना आणि त्याच्या उणिवा

सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचे झाले आणि आठवडाभर झड लागली, की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "पीक पिवळे पडलेय, काय मारू?" बहुतेक वेळा त्यापुढचे वाक्य असते, "एक हात युरिया टाकून झालाय." ऊस, भुईमूग, कापूस, संत्रा, पीक कोणतेही असो, पान पिवळे दिसले की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो.

पिवळेपणा हा स्वतः रोग नाही. पानाच्या पेशीत हरितलवक नावाचा अतिसूक्ष्म भाग असतो, त्याचे काम कुठेतरी अडल्याची ती खूण आहे. अडचण नेमकी कुठे आहे हे न पाहता उपाय केला तर पैसे जातातच, पण वाढीच्या ऐन काळातले आठ-दहा दिवसही जातात आणि ते परत मिळत नाहीत. हरितलवक काय करते, कशापासून बनते आणि कुठे कमी पडते, एवढे समजून घेतले तर शेतात उभे राहून बरेच निदान तुमचे तुम्हालाच करता येईल.

हरितलवक म्हणजे काय

पानाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींमध्ये मसुरीच्या दाण्यासारख्या चपट्या हिरव्या गोळ्या दिसतात. हीच हरितलवके. ती इतकी लहान असतात की दीडशे-दोनशे एका ओळीत मांडली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. पानाच्या एका पेशीत अशी कित्येक दहा, काही पिकांत शंभराहून जास्त हरितलवके असतात. प्रत्येकाच्या आत भाकरीच्या चवडीसारख्या चकत्या रचलेल्या असतात आणि पानाला हिरवा रंग देणारे हरितद्रव्य या चकत्यांत असते.

कारखान्यातले काम दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा चकत्यांमध्ये. तिथे हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते, त्या ऊर्जेवर पाण्याचे रेणू फोडले जातात, प्राणवायू बाहेर पडतो आणि ऊर्जा पुढच्या कामासाठी बांधून ठेवली जाते. दुसरा टप्पा चकत्यांभोवतीच्या द्रवात. पर्णरंध्रांतून आत आलेला कर्बवायू तिथे पकडून त्याची साखर केली जाते. दिवसा तयार झालेल्या मालापैकी काही भाग हरितलवकातच पिष्ट म्हणून साठतो आणि रात्री विरघळून खोड, मुळे, शेंगा, कणसे यांच्याकडे जातो. उसाची साखर असो की तुरीची डाळ, तिचा कच्चा माल इथूनच निघतो.

आणखी एक गोष्ट पुढे तणनाशकांच्या भागात उपयोगी पडेल. हरितलवकाला स्वतःची वेगळी जनुके असतात, कारण फार प्राचीन काळी ते स्वतंत्र जगणारे, प्रकाशावर अन्न करणारे जिवाणू होते. बहुतेक पिकांत ही जनुके परागातून जात नाहीत, फक्त मादी झाडाकडून बियाण्यात उतरतात.

कोणत्या अन्नद्रव्याशिवाय काय अडते

हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असते आणि त्याला धरून नत्राचे चार अणू असतात. लोह त्या रेणूत नसते, पण लोहाशिवाय तो रेणू तयारच होत नाही. शिवाय पकडलेली ऊर्जा पुढे वाहून नेणाऱ्या साखळीत जागोजागी लोह लागते. पाणी फोडणाऱ्या यंत्रणेत मँगनीज असते. गंधक प्रथिनांत आणि ऊर्जेच्या साखळीत लागते. आणि गहू, भात, सोयाबीन यांसारख्या पिकांत पानातल्या एकूण नत्रापैकी जवळपास तीन-चतुर्थांश नत्र हरितलवकांतच गुंतलेले असते.

नत्र आणि मॅग्नेशियम झाडात फिरू शकतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. लोह एकदा पानात बसले की जवळजवळ हलत नाही. त्यामुळे लोह कमी पडले की जुनी पाने हिरवी राहतात आणि शेंड्याची नवी पाने पिवळी, पुढे पांढुरकी होतात. गंधकाचेही लक्षण बहुधा वरूनच सुरू होते.

तेव्हा पिवळ्या प्लॉटमध्ये गेल्यावर आधी पाहा, पिवळी पाने खालची आहेत की वरची. मग पान हातात घेऊन शिरा पाहा. खालचे पान शिरांसकट सगळे फिकट झाले असेल, आणि मक्यात टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकणारा पिवळा पट्टा असेल, तर नत्र. खालच्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. वरच्या पानात शिरा हिरव्या व मधली जागा पिवळी असेल तर लोह. वरचे पान शिरांसह सारखे फिकट असेल तर गंधक.

सोयाबीन, मूग, उडदात विषाणूजन्य पिवळा मोझॅक या चित्रात गोंधळ घालतो. मोझॅकचे पिवळे-हिरवे डाग शिरांचा हिशेब पाळत नाहीत, पान चट्टेपट्टेदार दिसते आणि सुरुवातीला शेतात एखाद-दुसरे झाड इथे-तिथे बाधित असते. लोहाच्या कमतरतेत सखल किंवा चुनखडीचा पट्टाच्या पट्टा पिवळा होतो. मोझॅकच्या झाडावर कोणतेही खत फवारून उपयोग नाही. ते उपटून नष्ट करायचे आणि पांढऱ्या माशीकडे लक्ष द्यायचे.

केवडा आणि हिराकस

नोकरीच्या पहिल्याच वर्षी चुनखडीच्या जमिनीतला एक खोडवा ऊस पाहायला गेलो होतो. पोंग्यातली पाने पिवळी होती, खालची हिरवी. मी बांधावरूनच पाहिले आणि नत्र कमी आहे म्हणून युरिया सांगितला. पंधरा दिवसांनी त्या शेतकऱ्यांनी मला पुन्हा नेले आणि काही न बोलता पोंग्यातले जवळजवळ पांढरे झालेले पान उपटून माझ्या हातात दिले. त्या दिवसापासून बांधावरून निदान करणे बंद केले.

तो केवडा होता. आपल्या बहुतेक काळ्या जमिनीत लोह भरपूर असते, पण सामू 8 च्या पुढे आणि चुनखडी जास्त असली की ते मुळांना घेता येत नाही. त्यात पाणी साचले, वाफसा गेला, की मुळांचे काम आणखी मंदावते. म्हणून सोयाबीनचा पिवळेपणा झडीत दिसतो आणि पुष्कळदा वाफसा आल्यावर नवी पाने आपोआप हिरवी निघतात. अशा वेळी पहिला उपाय सरी काढून पाणी बाहेर घालवणे आणि वाफशावर डवरणी किंवा कोळपणी करणे हा आहे. फवारणी त्यानंतर.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी चाचणी करता येते. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. पाच-सहा पिवळ्या झाडांच्या नव्या पानाच्या अर्ध्या भागाला हे पाणी कापडाने पुसून लावा आणि झाडांना दोरा बांधून ठेवा. पाच-सात दिवसांत लावलेला अर्धा भाग हिरवा होऊ लागला तर कमतरता लोहाचीच. काहीच फरक नसेल तर लोहावर पैसे घालू नका.

लोहाची कमतरता ठरली की हेच 0.5 टक्के प्रमाण फवारणीला वापरता येते, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. द्रावण त्याच दिवशी करून वापरा. तांबूस-तपकिरी झालेले द्रावण म्हणजे गंजलेले लोह, ते पानात शिरत नाही. लोह पानातून पानात सरकत नसल्याने नंतर फुटणारे पान पुन्हा पिवळे येऊ शकते. म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी लागते. उसासाठी हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून सरीत द्यावे. नुसते हिराकस चुनखडीच्या मातीत टाकले तर ते तिथेच अडकून बसते. चिलेटेड लोह घेताना पाकिटावर ईडीटीए लिहिले आहे की ईडीडीएचए ते वाचा. ईडीटीए फवारणीला चांगले, पण जास्त सामूच्या जमिनीत ते लोह धरून ठेवू शकत नाही. तिथे ठिबकातून द्यायचे असेल तर ईडीडीएचए लागते. ते महाग आहे.

कापसातल्या लाल्याचेही मूळ याच कारखान्यात आहे. बोंडे भरताना ती पानातले नत्र ओढून घेतात. त्याच सुमारास रात्रीचे तापमान उतरते, जमिनीत मॅग्नेशियम कमी असते किंवा पाण्याचा ताण असतो. हरितद्रव्य तुटते आणि लाल रंगद्रव्य वर दिसू लागते. तुडतुड्यांनीही पान कडेने लाल होते, म्हणून आधी पान उलटून पाहा. किडीमुळे नसेल तर पाते-फुलाच्या काळापासूनच 2 टक्के डीएपी किंवा युरिया आणि 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेट यांच्या वेगवेगळ्या फवारण्या उपयोगी पडतात. पान पूर्ण लाल झाल्यावर केलेली फवारणी ते परत हिरवे करत नाही.

कारखान्यातला गोंधळलेला कामगार

आतापर्यंत कच्च्या मालाचे पाहिले. पण सगळे पुरेसे असले तरी हरितलवकात एक जन्मजात उणीव आहे. कर्बवायू पकडणाऱ्या विकराचे नाव रुबिस्को. हा कामगार मंद आहे, सेकंदाला दोन-चार रेणू हाताळतो, म्हणून झाडाला तो प्रचंड संख्येने ठेवावा लागतो आणि पानातले बरेचसे नत्र त्यातच जाते. शिवाय त्याला कर्बवायू आणि प्राणवायू यांतला फरक नीट कळत नाही. 25 अंश तापमानाला तीन-चार वेळा कर्बवायू पकडला की एकदा प्राणवायू पकडतो. त्यातून निघणारा निरुपयोगी पदार्थ दुरुस्त करायला झाडाची ऊर्जा खर्च होते आणि आधी पकडलेला काही कर्बवायू सुटून जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात.

तापमान वाढले की हा गोंधळ वाढतो. पाण्याचा ताण पडून पर्णरंध्रे मिटली की पानातला कर्बवायू कमी होतो आणि गोंधळ आणखी वाढतो. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, गहू, भात, भुईमूग ही सगळी पिके यात सापडतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी मात्र वेगळी सोय केली आहे. ती कर्बवायू आधी दुसऱ्या विकराने पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींच्या कड्यात नेऊन रुबिस्कोसमोर दाटीने ठेवतात, त्यामुळे प्राणवायूला फारसा वाव उरत नाही. या सोयीला जास्तीची ऊर्जा लागते, पण कडक उन्हात ती परवडते. पहिल्या गटाला सी-3 आणि दुसऱ्याला सी-4 पिके म्हणतात.

आता तुमच्या शेतातली तणे पाहा. हरळी, लव्हाळा, घोळ, काटेमाठ ही सगळी सी-4 पद्धतीची. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला, ऊन तापले, की सोयाबीन दुपारी पाने उभी करून थांबते आणि तण मात्र वाढत राहते. खंडाच्या आधी शेत तणमुक्त ठेवणे आणि खंडात एखादे संरक्षित पाणी देणे यांचे मोल त्यामुळे जास्त आहे. बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरला पेरा असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो, त्यामागेही थोडे हेच कारण आहे. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भरतात. तेव्हा भरण्याचे दिवस कमी होतात आणि दर दिवशी तयार होणारे अन्नही घटते.

प्रकाशश्वसन निव्वळ नासाडी आहे असेही नाही. ही दुरुस्तीची वाट बंद पडलेली झाडे प्रयोगात नेहमीच्या हवेत नीट जगू शकली नाहीत. अमेरिकेत 2019 साली तंबाखूत ही वाट जनुकीय बदलाने आखूड करून शेतातल्या प्रयोगात 40 टक्क्यांपर्यंत जास्त वाढ मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. भातात सी-4 पद्धत आणण्याचे आंतरराष्ट्रीय काम 2008 च्या सुमारास सुरू झाले, ते अजून चालूच आहे. यातले काहीही आज आपल्या शेतात बियाण्याच्या पिशवीतून आलेले नाही. तेव्हा "प्रकाशसंश्लेषण दुप्पट करणारे टॉनिक" असे लिहिलेली बाटली कोणी हातात दिली, तर घटकद्रव्यांची यादी वाचा. बहुधा तुम्ही आधीच दिलेले एखादे अन्नद्रव्यच त्यात असते.

ऊन जास्त झाले तर

सी-3 पिकाचे एकटे पान भर उन्हाच्या एक-तृतीयांश ते निम्म्या प्रकाशातच आपली कमाल गाठते. त्यावरचा प्रकाश उष्णता म्हणून बाहेर टाकावा लागतो. तेही जमले नाही, म्हणजे कडाक्याचा ताण असेल किंवा थंडीत साखर करण्याचे काम मंदावले असेल, तर ती ऊर्जा प्राणवायूवर जाते आणि पेशी जाळणारी द्रव्ये तयार होतात. हिवाळ्यात पारा फार उतरल्यावर जळगावकडच्या केळीची पाने निरभ्र उन्हात पिवळी पडतात, त्यात याचाही वाटा असतो. डाळिंबाच्या फळांवरचा उन्हाचा चट्टा याच घराण्यातला. तिथे सालीचे तापमान आणि प्रकाश दोन्ही मिळून काम बिघडवतात. केओलिनची फवारणी किंवा आच्छादन उपयोगी पडते ते ऊन परतवल्यामुळे.

उलट दाट पेरलेल्या सोयाबीनमध्ये वरच्या पानांना नको तितका प्रकाश आणि खालच्यांना जवळजवळ अंधार अशी स्थिती होते. मग खालची पाने पिवळी पडून गळतात आणि नत्र कमी पडल्याचा भास होतो. तिथे चूक पेरणीतच झालेली असते. 45 बाय 5 सेंटिमीटर अंतर आणि उगवण तपासलेले बियाणे असेल, तर एकरी जास्तीचे बियाणे टाकायची गरज पडत नाही.

तणनाशके याच कारखान्यावर घाव घालतात

अॅट्राझीन आणि मेट्रिब्युझीन हरितलवकाच्या चकत्यांतल्या एका प्रथिनावर जाऊन बसतात आणि ऊर्जेची साखळी पहिल्याच टप्प्यात तोडतात. झाड उपाशी राहून मरते असे वाटते, पण खरे कारण अडलेली प्रकाशऊर्जा आहे. ती पेशींची आवरणे जाळते. मका आणि ऊस अॅट्राझीन पानात पोचल्यावर निकामी करतात म्हणून वाचतात. हरभरा, भाजीपाला आणि सोयाबीनला ते जमत नाही. मक्यानंतर पेरलेले पीक छान उगवले आणि दहा-पंधरा दिवसांनी खालची पाने कडेने पिवळी होऊन करपू लागली, तर आधीच्या पिकातल्या तणनाशकाची मात्रा आठवून पाहा. बी उगवते ते स्वतःच्या साठ्यावर. हरितलवकावर भिस्त आली की लक्षण दिसते. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत हे अंश जास्त काळ टिकतात. शंका असेल तर त्या शेतातली माती कुंडीत घेऊन आधी चार बिया लावून पाहा.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका रोपवाटिकेतल्या तणावर या गटातल्या तणनाशकाचा परिणाम होत नसल्याची नोंद 1970 साली प्रसिद्ध झाली. प्रतिकार हरितलवकाच्या जनुकात होता, म्हणून तो परागाने नव्हे तर त्या झाडाच्या बियाण्यानेच पसरत होता. यातून एक सोपी गोष्ट घ्या. फवारणीतून वाचलेले तण बी धरायच्या आत उपटले तर अशा प्रतिकाराची वाट तिथेच बंद होते. त्या तणाला या बदलाची किंमतही मोजावी लागते, त्याच्या हरितलवकाचे काम मंदावते. कॅनडात हाच बदल मोहरीवर्गीय कॅनोला पिकात आणला, तेव्हा तण आटोक्यात आले पण त्या वाणांचे उत्पादन कमी राहिले.

पॅराक्वाट वेगळ्या जागी काम करते. ते साखळीच्या शेवटी ऊर्जा पळवते आणि उन्हात काही तासांत पान करपवते. माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. ते पाण्याच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका.

हिरवेपणा नको तिथे

गडद हिरवे पीक म्हणजे जास्त उत्पादन, हा समज सगळ्यात महाग पडतो. नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की पान मऊ आणि रसाळ होते. मग कापसावर मावा-तुडतुडे आणि भातावर करपा वाढतो. उसाला उशिरा दिलेल्या युरियाने वाढ चालू राहते आणि साखर भरायची लांबते. सोयाबीन शेंगा भरताना पिवळे पडते ते चांगले लक्षण आहे. हरितलवके मोडून त्यातले नत्र दाण्यात जात असते, तिथे युरिया फवारू नका. भातात पानाच्या रंगाची पट्टी वापरा. सर्वांत वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाचा रंग, आपल्या सावलीत धरून, आठ-दहा दिवसांनी पाहायचा. लावणीच्या बहुतेक वाणांत तो 4 क्रमांकाच्या खाली गेला तरच युरियाचा हप्ता द्यायचा. सुवासिक वाणांना साधारण 3 क्रमांक धरतात.

बटाट्याच्या कंदातही हरितलवकाचे भाऊबंद असतात. ते पिष्ट साठवतात आणि उजेड लागला की हिरवे होतात. हिरवा रंग स्वतः घातक नाही, पण त्याच उजेडाने सालीखाली सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. म्हणून कंद उघडे पडू नयेत यासाठी मातीची भर वेळेवर लावा. काढलेला माल उन्हात पसरून ठेवू नका, विक्रीचा साठा अंधारात ठेवा. थोडा हिरवा भाग असेल तर खोलवर कापून टाकावा. सगळाच हिरवा झालेला बटाटा खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. बेण्यासाठी मात्र तो चालतो.